रुमालाखालचा प्रोसेसर

बावीस वर्षं मी लोकांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, आणि त्याबद्दल मला पगार मिळत होता. पुण्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात गिटारचे प्रोसेसर विकणं हे माझं काम. विकण्याआधी ते गिऱ्हाइकाला ऐकवायचे, दोन-तीन शेजारी ठेवून फरक दाखवायचा आणि मग त्याला साजेल तो बांधून द्यायचा. यातलं 'साजेल तो' हे माझं म्हणणं. आमच्या मालकांच्या मनात 'महाग असेल तो' असं असायचं, पण तसं ते तोंडाने कधी बोलले नाहीत. ते फक्त काउंटरवरून विचारायचे, "झालं का मॅडम तुमचं श्रवणसत्र? की चहा सांगू?" चहा त्यांनी कधीच सांगितला नाही.

प्रोसेसर म्हणजे काय, हे मी माझ्या सासूबाईंना जसं सांगितलं होतं तसंच सांगते. इलेक्ट्रिक गिटारची तार नुसती छेडली तर कानाशी डास गुणगुणल्याएवढा आवाज येतो. त्याला अंगबांधा देतो तो ॲम्प्लिफायर. पूर्वीचे चांगले ॲम्प काचेच्या व्हॉल्व्हचे असत. ते तापायचे, गुरगुरायचे, आणि जिन्यावरून वर न्यायला दोन माणसं लागायची. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. एकाचा आवाज मऊ, तर दुसऱ्याचा कायम चिडल्यासारखा. मग हिशेबी डोक्याच्या माणसांनी या आवाजांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यांची नक्कल करणारी यंत्रं काढली. लांबट वहीएवढा डबा, आत शेकडो ॲम्पच्या नकला, आणि बदलायला पायाखाली बटणं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे खरं काहीच नाही." मला तेव्हा राग आला होता.

हे डबे एकमेकांशी ताडून बघणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण माणूस कानाने फार कमी ऐकतो. दोन डबे अगदी सारखे असले आणि त्यातला एक किंचित जोरात वाजला, तर झाडून सगळे त्या जोरात वाजणाऱ्यालाच चांगला म्हणतात. म्हणून मी आधी मीटर लावून सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणायची. मग डोळ्यांचा बंदोबस्त. रंगीत स्क्रीन दिसला की आवाजही रंगीत वाटायला लागतो, म्हणून डब्यांवर चादर आणि गिऱ्हाइकाचं तोंड भिंतीकडे. एवढं करूनही लोक फसतातच, कारण महागड्या डब्याची पाळी आली असं नुसतं वाटलं तरी माणूस जीव ओतून वाजवतो. यावर माझा उपाय असा की गिऱ्हाइकाने एकदाच वाजवायचं. ते कोरं वाजवणं मी रेकॉर्ड करून ठेवायची आणि तेच, जसंच्या तसं, एकेका डब्यातून सोडायची. ही पद्धत मला कुणी शिकवलेली नाही, आणि तिचा मला अभिमान आहे. मला स्वतःला गिटारवर चार कॉर्ड येतात, पण पोहता न येणारे पोहण्याचे शिक्षकही मी पाहिले आहेत.

खराडीला कंपनीत काम करणारा ओंकार नावाचा एक मुलगा होता. तो एक्सेल शीट घेऊन आला होता. त्यात अकरा प्रोसेसर आणि प्रत्येकाचे चाळीसेक रकाने. "मॅम, मी ऑलमोस्ट डिसाइड केलंय, फक्त कन्फर्म करायचंय," असं तो वर्षभर दर महिन्याला येऊन म्हणत असे. शेवटी एकदा त्याला भिंतीकडे बसवलं आणि चार डबे ऐकवले. त्याने डोळे मिटून, मान डोलावून, तिसऱ्याला पहिला नंबर दिला. मी चादर काढली. तिसरा म्हणजे आमच्या दुकानातला सर्वांत स्वस्त, नवशिक्यांना द्यायचा डबा.

"हे पॉसिबलच नाहीये," तो म्हणाला.

"अहो, तुमचेच कान आहेत."

"मग माझे कान चुकलेत."

त्याने सर्वांत महागाचा डबा घेतला आणि आनंदाने गेला. मालक त्या दिवशी माझ्याकडे बघून हसले. मीही हसले, कारण स्वतःच्या कानांवर विश्वास नसलेला माणूस ही मला तेव्हा फक्त गिऱ्हाइकांची खोड वाटायची.

मग भानुदास आला.

तो आला तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या वहिनी होत्या. तो चाळिशी ओलांडलेला, धायरीचा, दिवसभर एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा आणि उरलेल्या वेळात बेंजो पार्टीत वाजवणारा. बेंजो म्हणजे विलायती बँजो नव्हे. लाकडाच्या लांबट पेटीवर तारा ताणलेल्या असतात. उजव्या हाताने त्या छेडायच्या आणि डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची. हळदीत, वरातीत, गावच्या उत्सवात टेम्पोवर भोंगे बांधून हा वाजतो. हे बेंजोवाले कित्येक वर्षं गिटारचे प्रोसेसर वापरतात. ज्या परदेशी मंडळींनी ते बनवले त्यांना याची कल्पना असेल असं मला वाटत नाही.

बेंजोवाल्यांची एक रीत आहे. वाजवायला बसलं की प्रोसेसरवर रुमाल टाकायचा. आत कोणता ॲम्प लावलाय, काय किती ठेवलंय, हे शेजारच्या पार्टीला दिसता कामा नये. टोन म्हणजे त्यांची इस्टेट. दोन गल्ल्या पलीकडून ऐकून लोकांनी नाव सांगितलं पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा असते.

वहिनींनी पिशवीतून एक जुना डबा काढून काउंटरवर ठेवला. तो टॉवेलात गुंडाळलेला होता. त्यांचं नाव कमल. भानुदास म्हणाला, "ताई, ह्यातला आवाज काढून दुसऱ्यात घालायचाय."

"कसला आवाज?"

"अण्णाचा."

अण्णा म्हणजे त्याचा थोरला भाऊ दत्तात्रय, कमलवहिनींचे यजमान. सहा वर्षांपूर्वी ते गेले. धायरीच्या बाजूला बेंजो म्हटलं की दत्ताअण्णा, असा त्यांचा लौकिक होता. त्यांनी भावाला बोटं धरून शिकवलं, पण रुमाल कधी उचलू दिला नाही. जाताना टोनही सांगितला नाही. अण्णांच्या मागे भानुदास त्याच डब्यातून वाजवत होता. स्क्रीन तर केव्हाच गेला होता, त्यामुळे आत काय आहे ते दिसायची सोय नव्हती. आता आवाज मध्येच खरखरायचा, मध्येच तुटायचा. असले डबे बनवणंही बंद झालं होतं.

"तुम्ही यातलं एखादं बटण दाबून पाहिलं नाही कधी?"

"ताई, मी त्याला हात लावत न्हाय. अण्णानं जसा ठेवलाय तसाच हाय. वायर लावायची आन् वाजवायचं." मग त्याने आवाज खाली आणला. "दोन आठवड्यांनी गावचा उत्सव हाय. तिथं हा बंद पडला तर आवाज गेलाच. आन् आवाज गेला तर मी बेंजो ठेवून देणार. लोकं मला ऐकाया येत न्हाईत, अण्णाला येत्यात. मी नुसता उचलून आणणारा."

हे त्याने दुःखाने सांगितलं नाही. रिक्षाचं भाडं सांगावं तसं सांगितलं, म्हणून मला ते जास्त लागलं.

मी त्याला वाजवायला लावलं. जुना डबा खरखरत का होईना पण बोलला, आणि मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मोकळा, स्वच्छ आवाज होता. त्यात एक सूर संपता संपता पुढच्या सुराच्या गळ्यात हात टाकत होता. मी बेंजो खूप ऐकलेत, असा नव्हता ऐकला. मनात लगेच हिशेब सुरू झाला: हा कोणता ॲम्प असेल? कोणता स्पीकर? थोडा एको असेल का? मी म्हटलं, "होऊन जाईल." मला तसं वाटतही होतं.

पहिल्या बैठकीत तीन नवे डबे मांडले. जुन्या डब्यातून निघणारा आवाज आणि नव्यातून निघणारा आवाज शेजारी ठेवून मी एकेक ॲम्प चढवत गेले. भानुदास भिंतीकडे तोंड करून बसला. कमलवहिनींना मी खुर्ची दिली, तर त्या म्हणाल्या, "बसून बसून कंटाळा येतो, मी उभीच बरी." दोघांची दाद देण्याची तऱ्हा वेगळी होती. तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "जवळ आलं. पण न्हाय." त्या स्वयंपाकघरातून बोलायच्या. "साखर जास्त झाली." "ह्याला फोडणीच फोडणी हाय, आत भाजी कुठाय?"

दुसऱ्या बैठकीत मी जिद्दीला पेटले. त्यातल्या एका डब्यात खऱ्या यंत्राच्या आवाजाचा ठसा घ्यायची सोय होती, तीही वापरली. पण जुना डबा इतका खरखरत होता की ठशात खरखरच उमटली. मग पुन्हा हाताने. जाड आवाज, पातळ आवाज, तेलकट, कोरडा. सगळे सुंदर होते, आणि सगळ्यांत ते सुरांचं गळ्यात हात टाकणं कुठेतरी बुजून जात होतं. मालकांनी दोनदा डोकावून पाहिलं. "मॅडम, एवढ्या वेळात मी बेंजो शिकलो असतो," असं म्हणून ते गेले.

तिसरी बैठक उत्सवाच्या चार दिवस आधीची. भानुदास दमला होता, मीही दमले होते. त्याने नवं काही न वाजवता आधीचंच रेकॉर्डिंग लावा म्हणून सांगितलं. मी चादरीखालच्या डब्यांतून ते एकेक करून सोडायला लागले. पहिला झाला. दुसरा सुरू केला आणि वायर सरळ करायला पुढे झाले, तर माझ्या चपलेचं टोक चादरीखाली कशावर तरी दाबलं गेलं. आवाज बदलला.

भानुदास ताडकन उठला. "हाच! ताई, हलू नका. हाच अण्णाचा आवाज!"

कमलवहिनींनी पदर तोंडाला लावला होता.

मी हळूच चादर उचलली. दुसऱ्या डब्यावरचे सगळे दिवे विझलेले होते. माझ्या पायाने तो बंद झाला होता. अगदी बंद नाही. वीज चालू, पण नक्कल करण्याचं काम बंद. अशा वेळी वाद्याचा आवाज एका बाजूने आत येतो आणि दुसऱ्या बाजूने जसाच्या तसा बाहेर जातो. डबा नुसता वाटेत बसलेला असतो.

मी भानुदासला म्हटलं, "तुमच्या जुन्या डब्याचं पायाचं बटण एकदा दाबू द्या. पुन्हा दाबलं की होतं तसं होईल, ही माझी जबाबदारी." त्याने वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी जुना डबा जोडला, त्याला वाजवायला सांगितलं आणि बटण दाबलं.

पत्र्याच्या पिंपात कुणीतरी ओरडावं तसा आवाज आला. त्यामागे एको, एकोमागे आणखी एको. भानुदासचा हात बटणांवरच थिजला. मी घाईघाईने पुन्हा बटण दाबलं आणि दत्ताअण्णा परत आले.

म्हणजे इतकी वर्षं तो डबा चालूच नव्हता. रुमालाखाली लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच लपवलं होतं.

आता मी कबूल करते की क्षणभर मला गप्प बसावंसं वाटलं. दुसरा डबा तसाच, दिवे विझलेला, बांधून दिला असता तर भानुदास पाया पडून गेला असता. उत्सवात वाजवला असता. मालकांनी कदाचित चहाही सांगितला असता. आणि मला स्वतःचीही लाज वाटत होती. बावीस वर्षं लोकांना मी ऐकायला शिकवत होते, आणि इथे 'अण्णांचा टोन' हे शब्द कानावर पडल्याबरोबर मी टोन शोधायला लागले. काहीच न लावता ऐकून बघावं, हे मला सुचलं नाही. आमच्या धंद्यात कुणालाच सुचत नाही. आम्ही नेहमी काहीतरी घालूनच सुरुवात करतो. ओंकारला हसायचा मला काही अधिकार नव्हता.

मी सगळं खरं सांगितलं. सांगताना मला वाटलं मी मोठी आनंदाची बातमी देतेय. "अहो, म्हणजे या डब्यात काहीच नाही! हा आवाज तुमच्या हाताचा आहे. सहा वर्षं लोक तुम्हालाच ऐकताहेत."

भानुदासचा चेहरा उतरला.

"मग अण्णा कुठं हाय?" त्याने विचारलं.

मी उगाच चादरीची घडी घालायला लागले.

"सहा वर्षं म्या वायर लावली की अण्णा बोलतोय असं समजत व्हतो," तो म्हणाला. "टेम्पोवर बसलं की वाटायचं, हाय हितंच. आन् मी आपला मलाच ऐकत बसलो." त्याने वायर काढली आणि गुंडाळायला लागला. "वैनी, चला. उत्सवाला दुसऱ्या कुणाला सांगतो. मला न्हाय जमायचं आता."

मी त्याला थांबवायला पुढे झाले. प्रामाणिकपणाची हौस भागवून मी त्याचा भाऊ दुसऱ्यांदा हिरावून घेतला होता. मी रडायच्या बेताला आले होते.

तेवढ्यात कमलवहिनी बोलल्या, आणि तीन बैठकांत मिळून बोलल्या नसतील एवढं बोलल्या.

"काम द्यायला आलेली माणसं पहिलं इचारायची, प्रोसेसर हाय का? न्हाय म्हटलं की उठून जायची. म्हणून ह्यांनी तो आणला. चार दिवस घरात वाजवला. पाचव्या दिवशी म्हणाले, ह्यो माझा आवाज झाकतोय. मग कोपऱ्यात ठेवला, आन् नंतर एकदम रुमाल टाकून वाजवायलाच घेऊन गेले. मला वाटलं जमलं असंल. म्या काय इचारलं न्हाय." त्या पुढे आल्या. "भानू, ती पेटी काढ परत. डावा हात दाखव."

त्याने हात पुढे केला. त्यांनी त्याची करंगळीशेजारची अनामिका धरली.

"ह्यांचं हे बोट कंपनीत प्रेसखाली सापडलं व्हतं. आमच्या लग्नाच्या आदल्या साली. तू लई ल्हान व्हतास. मधलं पेर वाकायचंच न्हाय. बटणावरनं झटकन उचलता यायचं न्हाय, म्हणून ते घसरवायचे. एकावरनं दुसऱ्यावर." त्यांनी त्याचं बोट हलवलं. "तुझं बोट कधी प्रेसखाली आलं?"

"न्हाय."

"मग वाजवताना तू ते ताठ का ठेवतोस?"

भानुदास आपल्या बोटाकडे बघत राहिला. त्याने ते वाकवलं. सरळ केलं. परत वाकवलं. कुठलीही इजा नसलेलं, चाळिशी ओलांडलेलं धडधाकट बोट. समोर बसून शिकताना थोरल्या भावाचा हात जसा चालायचा तसाच चालवायचा, एवढंच त्याला ठाऊक होतं.

तो खाली बसला आणि पेटी मांडीवर घेतली. मी वायर थेट स्पीकरला जोडली, मध्ये कुठलाही डबा न ठेवता. आधी त्याने ते बोट वाकवून, इतर बोटांसारखं उचलून वाजवलं. सूर बरोबर होते, एकेक सुटा, नीटस. कुणाचाही बेंजो असावा तसा. मग त्याने बोट सोडलं. ते आपोआप ताठ झालं, एका बटणावरून दुसऱ्यावर रेंगाळत सरकलं, आणि जाणारा सूर येणाऱ्या सुराला धरून राहिला.

तो तिथेच थांबला. त्याला पुढचं दिसत नव्हतं, डोळे भरले होते.

कमलवहिनी पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या. "उत्सवाला हेच वाजवायचं," त्या म्हणाल्या. "आन् आत्ता थांबू नकोस. मला ऐकायचंय त्यांना."